सरकारी माशांचा लिलाव

मुलाखतीत मला विचारलं होतं, "मासे खाता का?" मी मान ताठ करून सांगितलं, "आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही." समोर बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या आणि आपल्या बाणेदारपणाची छाप पडली असं समजून मी खूश होऊन बाहेर आले. खरं काय ते पुढे कळलं. अनुदानाच्या अटींत एक अट होती की योजनेतले मासे योजनेवरच्या कर्मचाऱ्यांनी खाता कामा नयेत. माझ्याआधी आत गेलेल्या उमेदवारानं म्हणे रोहूचं कालवण कसं जमतं ते इतकं रंगून सांगितलं की साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याची नोकरी गेली. म्हणजे माझी प्राणिशास्त्राची पदवी वगैरे राहिली बाजूला. माझी निवड झाली ती जिभेवरून.

तेव्हाची मी कशी होते ते सांगू नये, पण सांगते. खळ लावलेली कडक साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्याला शबनम, आणि कुणी "काय करतेस गं?" विचारलं की उत्तर, "मत्स्यसंशोधन." नुसतं 'मासे' म्हणायला लाज वाटायची. चिखलात उतरतानासुद्धा मी चष्मा काढत नसे. त्यामुळे पहिल्या महिन्यात मला कुठलाच मासा नीट दिसला नाही, हे माझ्या नातींना अजून माहीत नाही.

काम मात्र खरंच चांगलं होतं. सत्तरच्या दशकातला तो मोठा दुष्काळ आमच्याकडे पडला तेव्हा माणसांच्या हाताला काम म्हणून गावोगाव पाझर तलाव खोदले. पुढे पाऊस बरा झाला आणि तळी भरली, पण भरलेलं पाणी फाल्गुन-चैत्रापर्यंतच टिकायचं. एवढ्या मुदतीत मासे विकण्याजोगे वाढतात का, हे सरकारला हवं होतं. आमच्या कॉलेजला अनुदान मिळालं. आमचे सर योजनेचे प्रमुख झाले आणि लगेच कसल्याशा प्रशिक्षणाला निघून गेले. मागे उरलो मी, वळसंगच्या बाहेरचं एक तळं आणि अटींची एक पुस्तिका.

राहायला मी सोलापुरात मामांकडे होते. मामा मार्केट यार्डात आडत्या, कांदा आणि ज्वारी. माझे वडील करकंबला. नोकरी लागली तेव्हा वडील आणि मामा यांच्यात बोलणं झालं ते माझ्यासमोरच झालं. पोस्ट आहे तोवर पोरगी सोलापुरात. पोस्ट संपली की करकंबला परत आणि मग पाहुणे बोलवायचे. मामांना हे अगदी पसंत होतं. त्यांच्या डोक्यात बार्शीचा एक मुलगा होता, ज्याच्या घरच्या भुसाराच्या दुकानाचं ते तोंडभर कौतुक करायचे. मुलाबद्दल फारसं बोलायचे नाहीत.

आणि पोस्ट कशावर उभी होती? अनुदानावर. अनुदान कशावर? मार्च संपायच्या आत तळ्यातले मासे जाहीर लिलावानं विकायचे, पैसे सरकारजमा करायचे, मग मत्स्यखात्याचे लेखाधिकारी साहेब सही करणार की अनुदान नीट वापरलं गेलं. ती सही झाली तर पुढच्या वर्षीचं अनुदान, नाहीतर योजना बंद. योजनेत मासे, जाळं, दोन टब आणि मी. चौघांचं नशीब एका दोरीत बांधलेलं.

श्रावणात आम्ही बीज सोडलं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि प्राणवायू भरून आणलेली बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्लं, रोहू, कटला, मृगळ. ती वाढली. वाढायला त्यांना कुणाची मंजुरी लागत नव्हती ना. दिवाळीपर्यंत हाताएवढी झाली, संक्रांतीला कटल्याची डोकी बघून मी स्वतःच दचकले. आणि माघ लागला तसं पाणी मागे सरायला लागलं.

तिथून माझी झोपमोड नाही म्हणणार, पण बैठकमोड सुरू झाली. एका जागी बूड टेकेना. सकाळी वळसंगची एस. टी., दुपारी परत, तिथून सात रस्त्याजवळ खात्याच्या कचेरीत, संध्याकाळी परत मामींच्या चुलीपाशी येरझाऱ्या. मी लिलावाचा प्रस्ताव कधीच पाठवला होता. पण लिलावाला किमान किंमत ठरवावी लागते, किंमत ठरवायला माशांचं वजन लागतं, वजन करायला मासे बाहेर काढावे लागतात आणि मंजुरीशिवाय मासे बाहेर काढायला बंदी.

कचेरीतले लेखाधिकारी साहेब शांत गृहस्थ होते. आवाज कधी चढला नाही त्यांचा.

"साहेब, पाणी आटायलंय."

"प्रस्तावात तसं लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"मग आटू द्या. आपल्याकडून काही राहिलं नाही."

"पण साहेब, मासे मरतील."

त्यांनी पुस्तिका उघडली, बराच वेळ चाळली आणि म्हणाले, "मरण्याबद्दल काही नाही यात. काचेची भांडी फुटली तर काय करायचं ते आहे. बघता?"

मी बघितलं. काचेच्या भांड्यांबद्दल खरोखर छान लिहिलं होतं.

तिकडे तळ्यावर वेगळीच परीक्षा. रोज एक म्हातारी शेळ्या घेऊन यायची. मला बघितलं की शेळ्या सोडून माझ्याशेजारी येऊन बसायची. दुष्काळात ह्याच तळ्याची माती तिनं डोक्यावरून वाहिली होती.

"बाई, कवा काढनार गं मासं?"

"मंजुरी आली की."

"आन् त्येच्या आदी मेलं तर?"

"मग पंचनामा होईल."

"माशाचा?" म्हातारी एवढी हसली की शेळ्यांनी माना वर केल्या. "आगं बया! आमची म्हस मेली तवा न्हाय आलं कुनी पंचनाम्याला. आन् मला सांग, तळं आमी खांदलं, पानी देवानं दिलं, आन् मासं तेवडं सरकारचं व्हय?"

यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी शबनममधून पुस्तिका काढून तिला मालकीहक्काची अट मोठ्यानं वाचून दाखवली! चष्म्यासकट! तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई भारी लिवलंय. आता ह्येच मासं हिथं उनात शिजाय लागलं की त्येस्नी बी वाचून दाव."

पाणी कमरेवरून गुडघ्यावर आलं. दुपारी मासे वर तोंड काढून हवा गिळायचे. बगळे तर लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे कडेनं ओळीत उभे. मी खडे मारून त्यांना हाकलायची. ते दोन पावलं मागे सरायचे आणि माझ्याकडे बघून परत यायचे.

अखेर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली. वजनाचा तिढा साहेबांनी किमान किंमत 'अंदाजे' ठरवून सोडवला. पण मंजुरीला एक शेपूट होतं. बोली लावणारे किमान तीन हवेत आणि तिघांनीही अनामत भरलेली हवी. तीन नसले तर लिलाव रद्द, नवी नोटीस, नवी मुदत. नवी मुदत म्हणजे एप्रिल. एप्रिल म्हणजे योजना बंद, तळं कोरडं आणि मी करकंबला.

सोलापूरच्या मासळी बाजारातला एक व्यापारी तयार झाला. त्यानं त्याच्या मेहुण्याला तयार केलं, त्याचं दुकान वेगळं होतं. तिसरा मिळेना. "इत्ती धूप में उत्तीसी मच्छी के वास्ते कौन आता मॅडम?" व्यापारी म्हणाला. गावातल्या लोकांकडे अनामत भरायला पैसे नव्हते. मी दोन दिवस बाजारभर फिरले. साडीची खळ गेली, चष्मा कुठेतरी विसरला, आणि शेवटी माझी नजर मामांवर पडली. ते जेवत होते.

"मामा, तुम्ही लिलावाला याल का?"

"कांद्याच्या?"

"माशांच्या."

हातातला भाकरीचा तुकडा ताटात पडला. आतून मामी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही.

"गळ्यात लिंग आहे माझ्या," मामा म्हणाले. "आणि मी मासे घेऊ?"

"घ्यायचे नाहीत ओ मामा. नुसतं उभं राहायचं. सगळ्यात आधी, सगळ्यात कमी बोली लावायची आणि गप्प. अनामत परत मिळते."

"लिलाव नाही झाला तर काय होतं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. पोस्ट संपते हे खरं उत्तर, पण ते त्यांना हवंच होतं. म्हणून मी चेहरा पाडून म्हटलं, "माझ्या नावावर शेरा बसेल मामा. योजना बुडवली म्हणून. सरकारी शेरा. उद्या बार्शीकरांनी चौकशी केली तर?"

असा काही शेरा नसतो. पण मामांचा घास अडकला. पाणी पिऊन म्हणाले, "लांब उभा राहीन. वास नको यायला."

लिलावाच्या दिवशी मामा पांढरं धोतर, पांढरा सदरा, नाकाला रुमाल अशा थाटात बांधावर उभे राहिले. व्यापारी आणि मेहुणा टेंपो घेऊन आले होते, जाळं टाकणारी माणसंही बरोबर. गाव गोळा झालं, म्हातारी सगळ्यांत पुढे. साहेबांनी छत्री उघडली आणि अटी वाचायला घेतल्या. एक, दोन, तीन, उपकलम अ, उपकलम ब. पाण्यात मासे तडफडायलेले, आणि साहेब 'सूर्यास्तापूर्वी माल उचलावा, न उचलल्यास लिलाव रद्द समजून अनामत जप्त' हे दोनदा वाचतायत. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

"बाई, मुतायला लागलीया का?" म्हातारीनं विचारलं. सगळ्यांनी ऐकलं.

बोली सुरू झाली. किलोमागे भाव. मामांनी ठरल्याप्रमाणे रुमालाआडून किमान किंमत म्हटली आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं. मेहुण्यानं दहा पैसे वाढवले. व्यापाऱ्यानं आणखी दहा. मेहुणा गप्प. व्यापारी गप्प. दोघं बिडी काढायला लागले.

"एक वार," साहेब म्हणाले.

आता एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. मामांचं सगळं आयुष्य यार्डात ओरडून भाव चढवण्यात गेलं होतं. दोन खरेदीदार संगनमतानं माल पाडून मागायला लागले की त्यांना घशात काटा अडकल्यासारखं व्हायचं, मग माल कुणाचाही असो. मी बघत होते, मामांनी रुमाल खाली केला. मान हळूच वळली.

"दोन वार."

"चार आणे वर," मामा म्हणाले.

मी त्यांची बाही ओढली. "मामा, बास!"

"थांब गं. हे दोघं घरनं ठरवून आलेत. मला कळत नाही होय?"

व्यापाऱ्यानं चमकून पाच पैसे वाढवले. मामा आठ आण्यांनी चढले. मेहुण्यानं तोंड उघडायच्या आत मामा आणखी चढले. त्यांना रंग चढला होता. हात वर, छाती पुढे, "बोला, बोला, माल बघा, ताजा माल!" आणि हे सगळं तळ्याकडे न बघता. व्यापाऱ्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, बिडी पेटवली आणि हसला. तो पुढे बोललाच नाही.

"एक वार. दोन वार. तीन वार." साहेबांनी छत्री मिटून जमिनीवर आपटली.

मामा कपाळ पुसत समाधानानं इकडे तिकडे बघायला लागले. "कुणाला गेला माल?"

"तुम्हाला," साहेब म्हणाले.

मामांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करणार नाही. तोंड उघडं आणि रुमाल खाली चिखलात. व्यापारी टेंपोच्या फाळक्यावर बसून म्हणाला, "निकालो सेठ. अब मच्छी तुम्हारी."

मामांनी मला बाजूला घेतलं. "मी चाललो. अनामत जाऊ दे."

"मामा, लिलाव रद्द होईल!"

"होऊ दे."

"शेरा बसेल!"

"बसू दे. करकंबला शेरा वाचतंय कोण? उद्या सामान बांध, मी स्वतः सोडायला येतो."

आणि ते खरंच बांधावरून उतरायला लागले. माझी सगळी हुशारी, माझी पुस्तिका, माझं मत्स्यसंशोधन, सगळं त्या पांढऱ्या धोतराच्या मागे चालत निघालं होतं. मी रडले का? नाक चोंदलं होतं एवढं आठवतं. सूर्य अजून डोक्यावर होता, तळ्यात पाणी गुडघाभर आणि एप्रिल उंबऱ्यात.

तेवढ्यात व्यापाऱ्यानं चूक केली. टेंपोवरूनच ओरडला, "सेठ, जाते क्या? आधे भाव में हमकू देके जाव!"

मामा थांबले. वळले नाहीत, नुसते थांबले.

"कितीला?"

"आधे में. सड़ने से तो अच्छा."

"आध्यात?" आता ते वळले. "माझा माल आध्यात?"

पुढचं मी बघितलं ते कुणाला पटत नाही. मामा परत बांधावर चढले, तळ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि कामाला लागले. जाळ्याच्या माणसांना त्यांनी मालातल्या वाट्यावर फोडून घेतलं, व्यापारी बघतच राहिला. गावच्या दुकानातून तराजू मागवला. काढलेले मासे त्यांच्या पाठीमागे ढीग लावून ठेवायचे, आणि मामा समोर बघून एकेका ढिगाची बोली बोलायचे. कांद्याचीच चाल, कांद्याचाच आवाज.

"सावकार," म्हातारी म्हणाली, "मासं हिकडं हाईत, तुमचं त्वांड तिकडं का?"

"मला सगळं दिसतंय. तू किती घेतीस ते बोल."

"तुमास्नी न दिसल्यालं लहान लहान मला द्या की स्वस्तात."

"ढिगाच्या भावात ढीग. लहान-मोठं नाही."

"आगं बया, न बघता बी कळतंय की ह्यास्नी!"

तिनं दोन ढीग नेले. पदरात. गाव लोटलं, शेजारच्या वस्तीवरून माणसं आली. मी वजनं लिहून घेत धावत होते, बांधावरून तळ्यात, तळ्यातून बांधावर, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली. उन्हं कलली तेव्हा मोठे कटले तेवढे उरले, गावाला न झेपणारे. मामांनी नुसतं टेंपोच्या दिशेला विचारलं, "घेणार का?" व्यापारी आला, हुज्जत घातली, शपथा घातल्या, आणि मामांच्या भावात सगळे कटले उचलून गेला. जाताना साहेबांना म्हणाला, "ये सेठ को कांदे से छुट्टी कायकू नै देते?"

सूर्यास्ताच्या आत तळं रिकामं. साहेबांनी मामांकडून बोलीचे पैसे मोजून घेतले आणि घड्याळ बघून सही केली.

घरी परसात मामींनी आम्हा दोघांनाही उकळत्या पाण्यानं अंघोळ घातली म्हणायला हरकत नाही. मामा म्हणाले, "कांद्याच्या व्यवहाराला गेलो होतो." मामींनी त्यांच्या सदऱ्यावरून काहीतरी चमकणारं चिमटीत उचललं आणि विचारलं, "कांद्याला खवले कधीपासून आले?" धोतर त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकलं. तळ्याचा विषय घरात निघाला नाही.

मार्च संपला. पोस्ट कागदावर संपली. पुढच्या वर्षीचा आदेश काही येईना. मी ट्रंक भरून ठेवली, रिकामी केली, परत भरली. दिवसातून कितीदा तरी दारात पोस्टमन बघायला जायची; त्याला वाटलं, पोरीचं कुठेतरी जमलंय. करकंबहून निरोप आला, पोरीला पाठवा. मामा म्हणाले, "यार्डात गर्दी आहे, सोडायला वेळ नाही." परत निरोप आला. "हमाल मिळेनात," मामा म्हणाले. माझ्या ट्रंकेला हमाल कशाला लागतो, हे विचारायचं मला सुचलं नाही.

वैशाखात साहेबांनी बोलावणं धाडलं. आदेश आला होता. योजना चालू, पोस्ट एक वर्ष पुढे. लिलावात अपेक्षेपेक्षा चांगला भाव आला म्हणून वरून शाबासकीही. "आणि अटींत एक भर पडली आहे," साहेब पहिल्यांदाच किंचित हसले. "बोली लावणारा योजनेतल्या कर्मचाऱ्याचा नातेवाईक नसावा. तुमच्यामुळे. अभिनंदन."

मी सात रस्त्यावरून यार्डापर्यंत जवळजवळ पळतच गेले. मामा कांद्याच्या गोण्यांमध्ये उभे होते. मी आदेश वाचून दाखवला. शेवटची अट आली तिथे मला खोकला आला.

एक गोणी उसवली होती, तिच्यातला कांदा हातात घेऊन मामा दाबून बघत राहिले. मला वाटलं आता बार्शी निघणार.

"म्हणजे अजून एक वर्ष," ते म्हणाले.

"होय."

"मग यंदा कटला जास्त सोड. रोहूला तेवढा उठाव नव्हता."

"आणि करकंब?"

"तुझ्या बापाला मी सांगतो. पोरगी सरकारी कामात अडकलीय म्हणून." त्यांनी कांदा परत गोणीत टाकला. "पण लिलाव महिनाभर आधी धर. ऐन मार्चात मला यार्डातनं निघता येत नाही."

"होय मामा," मी म्हटलं, आणि आदेशाची घडी घालून शबनममध्ये अगदी तळाशी सरकवली. ती नवी अट त्यांना सांगायला मला पुढचा माघ उजाडला.